मॉस्कोहून आलेलं पाकीट

ताइफमधल्या आमच्या दोन खोल्यांत एका वेळी कमीत कमी तीन फ्रिज असायचे आणि त्यांतला एकही आमचा नसायचा. अब्बा फ्रिजमिस्त्री होते. शेखसाहेबांच्या वर्कशॉपात जागा उरली नाही की बिघडलेले फ्रिज आमच्याकडे यायचे आणि अम्मा त्यांच्यामधून अंग चोरत स्वयंपाक करायची. अब्बा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. अम्मा भाकरी थापता थापता म्हणायची, "बायकोचा कधी इतक्या मन लावून आयकला नाय तुमी." अब्बा डोळे न उघडता सांगायचे, "ह्यो निदान बंद तरी होतो." मग भाकरीची थाप आणखी जोरात पडायची. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण हे आमचं रोजचं जेवण. सुकट रत्नागिरीहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेतून यायची, पाच पिशव्यांत गुंडाळून. एकदा वरच्या मजल्यावरची मिसरी, म्हणजे इजिप्तची बाई नाक धरून खाली आली आणि एकेका फ्रिजकडे बोट दाखवून विचारू लागली की ह्यातल्या कशात काय मेलंय. त्या दिवसांत डोंगरांवरून गुलाबांचा वास यायचा, अत्तराच्या भट्ट्या पेटलेल्या असायच्या, आणि त्या सगळ्या वासावर आमच्या घरातली सुकट मात करायची. अजून मला गुलाबपाणी शिंपडलं की आधी सुकट आठवते.

अब्बांचे कफील, म्हणजे तिथे त्यांची जबाबदारी घेणारे मालक, शेखसाहेब. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, आवाज कधी चढवला नाही. अब्बांचा पासपोर्ट त्यांच्या टेबलाच्या खणात असायचा. सगळ्यांचेच असायचे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. अब्बांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, त्या वर्षी संपत होता आणि शेखसाहेबांची सही झाली तर पुढची दोन वर्षं आम्ही ताइफला राहणार होतो, मी तिथल्या भारतीय शाळेत शिकणार होते. सही झाली नाही तर खलास. हे अम्मा दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची, भाजीत मीठ कमी पडल्याच्या सुरात. आणखी एक गोष्ट इथेच सांगते. तिथे टपाल घरी येत नसे. पत्रं यायची ती शेखसाहेबांच्या पोस्टाच्या पेटीत, त्यांच्या नंबरावर, आणि गुरुवारी दुपारी त्यांचे हैदराबादी मुनशीजी ती कामगारांना वाटायचे. आमच्या नात्यातल्या साऱ्या बारशा-मयताच्या बातम्या त्या एका लोखंडी पेटीतून आल्या.

गावाबाहेर भिंतीच्या आत अमेरिकन लोकांची वसाहत होती. अब्बा तिथले फ्रिज दुरुस्त करायला जायचे आणि तिथल्या मडमा त्यांना जुनी मासिकं देऊन टाकायच्या. शाळेचं वर्ष सुरू झालं की अम्मा त्याच गुळगुळीत पानांची माझ्या वह्यांना कव्हरं घालायची. बायकांचे फोटो असतील ते पान उलटं, छापलेली बाजू आत. असा माझ्या गणिताच्या वहीवर एक माणूस आला, पांढऱ्या फुगीर कपड्यांत, काळ्या आभाळाखाली, पायाखाली राखेसारखी माती. खाली लिहिलं होतं की हा चंद्र आहे. मी भाजीला गेलेल्या अम्माला शोधत बाहेर धावले होते, इतकी हबकले. घरातली सगळी मासिकं मी उपसली. त्यांवरून माझा पक्का समज झाला की अमेरिकन लोकांनी एक दिवस रॉकेट बांधलं, चंद्रावर गेले, झेंडा रोवला आणि परत आले. माणूस अंतराळात गेल्याचा इतिहास एवढाच.

मग सुट्टीत आम्ही रत्नागिरीला गेलो. माझा मामा प्राथमिक शिक्षक. त्याच्या कपाटात रशियात छापलेली मराठी पुस्तकं होती, जाड पांढरा कागद, गोंदाचा एक वेगळाच वास, आणि किंमत इतकी कमी की मामी म्हणायची रद्दीत घातली तरी नफा. त्यांतलं एक अंतराळावरचं होतं. मी ते पडवीत पालथी पडून वाचायला घेतलं आणि पाचव्या पानावर उठून बसले. पहिला उपग्रह रशियाचा. पृथ्वीभोवती फिरलेला पहिला जीव रशियाचा, एक कुत्री. पहिला माणूस रशियाचा. चंद्राची पाठ पहिल्यांदा टिपली ती रशियाच्या यानाने. यानाच्या बाहेर पाऊल टाकणारा पहिला माणूस, तोही रशियाचा. आणि एक बाई. एकटी, जवळजवळ तीन दिवस, पृथ्वीला फेऱ्या घालून सुखरूप खाली आलेली. मी ती पानं पुनःपुन्हा वाचली. आमच्या घराण्यात बाई एकटी एसटीने चिपळूणला गेली तर तिला स्टँडवर सोडायला दोघं आणि उतरवून घ्यायला दोघं जायचे. ही बाई आभाळात जाऊन आली होती आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं! मी अम्माला ओरडून सांगितलं, तर ती म्हणाली, "तीन दिस? मग घरात सैपाक कोणी केला?"

सगळ्यात मोठा धक्का शेवटी बसला. दोनशे पानांच्या त्या पुस्तकात चंद्रावर उतरलेल्या अमेरिकन माणसांबद्दल एक अवाक्षर नव्हतं. मी शेवटापर्यंत पानं चाळली, चित्रं पाहिली. नाही म्हणजे नाही. आणि अमेरिकन मासिकांत त्या कुत्रीचा, त्या बाईचा पत्ता नव्हता. मी मामाला म्हटलं, ह्यातलं एक कोणीतरी खोटं बोलतंय. मामा दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "दोघांचाय खरा हाय गो. पण जो तो आपलाच सांगतो." छापलेल्या पुस्तकाने खरं बोलता बोलता अर्धं गिळून टाकावं, हे तोवर मला माहीत नव्हतं. मोठी माणसं तसं करतात हे माहीत होतं. पुस्तकं करतील असं वाटलं नव्हतं.

त्या कुत्रीबद्दल एकच वाक्य होतं, की त्या यानाला परत येण्याची सोय नव्हती. मी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. म्हणजे पाठवणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. तिला खायला-प्यायला दिलं, पट्ट्यांनी बांधलं, दार लावलं, आणि माहीत होतं. त्या दुपारी मामीने कोलंबी केली होती आणि मी पानावरून उठले, तशी मामीला वाटलं तिखट जास्त झालं. पुस्तकात लिहिलं होतं की ती काही दिवस सुखाने जगली. खूप वर्षांनी, माझी मुलं मोठी झाल्यावर, वाचनात आलं की ती काही तासांतच उकाड्याने गेली होती. तेव्हा मी संसारी बाई, तरीही वर्तमानपत्र पुढे वाचवलं नाही.

मामाने ते पुस्तक ताइफला नेऊ दिलं नाही. "ह्या पुस्तकावर रशियाचा नाव हाय. तिकडे विमानतळावर बघितला तर तुज्या बापाला आत टाकतील." सौदीत तेव्हा रशिया हा शब्द लोक आवाज खाली करून उच्चारत. देव न मानणारं सरकार, शिवाय आपल्याच शेजारच्या मुसलमान देशात घुसलेलं. मी पुस्तक ठेवलं, पण शेवटच्या पानावरचा पत्ता वहीत उतरवून घेतला. वाचकांनी आपलं मत ह्या पत्त्यावर कळवावं अशी त्या पुस्तकांत विनंती असायची. मॉस्कोचा पत्ता.

ताइफला परत आल्यावर शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी तक्ता करायचं ठरवलं, एका बाजूला रशिया, एका बाजूला अमेरिका, कोणी काय आधी केलं. वर्गात मी सांगितलं की पहिला माणूस रशियाचा, तर मुली हसल्या. विज्ञानाच्या मिस लखनौच्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, बात तुम्हारी सही है। मगर यहाँ चाँद तक ही रहने दो।" मी ऐकायला हवं होतं. पण माझ्या अंगात तेव्हा इतका हट्ट होता की सांगता सोय नाही. फोटो मिळाले की सगळ्यांची तोंडं बंद होतील, एवढंच डोक्यात. मी चांगल्या अक्षरात इंग्रजीत दोन पत्रं लिहिली, एक अमेरिकेला, मासिकातल्या पत्त्यावर, एक मॉस्कोला. तेरा वर्षांच्या पोरीला कोण उत्तर देणार, म्हणून मी दोन्ही पत्रांत स्वतःला अभ्यासक म्हटलं आणि खाली अब्बांचं नाव लिहिलं. इस्माईल, आणि पत्ता आमचा होता तोच, शेखसाहेबांच्या पेटीचा नंबर. दुसरा पत्ता मला ठाऊकच नव्हता. मुंबईला जाणाऱ्या माणसाकडे चिठ्ठ्या-पत्रं द्यायची आमच्यात रीत होती. तो मुंबईत उतरला की भारतीय तिकिटं लावून पेटीत टाकायचा. राजापूरचा एक सुतार रजेवर चालला होता. त्याने माझी दोन पाकिटं इतर चाळीस पाकिटांबरोबर पिशवीत टाकली. वाचून बघायची पद्धत नव्हती.

अमेरिकेचं उत्तर आलं नाही. आलं असेल तर आम्ही गेल्यावर आलं असेल.

मॉस्कोचं आलं. गुरुवारी दुपारी मुनशीजी स्वतः आमच्या दारात उभे राहिले. पत्रं घेऊन नव्हे, रिकाम्या हातांनी. "इस्माईल, शेख ने बुलाया है। तुम्हारे नाम अंग्रेज़ी में कुछ आया है।" अब्बांना वाटलं इकाम्याचा कागद असेल. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, फ्रिजबरोबर येणारी माहितीपत्रकं मीच वाचून दाखवायची, म्हणून ते मला म्हणाले, "चल रुकू, वाचायला." अम्माने माझ्या डोक्यावर ओढणी नीट केली आणि अब्बांच्या मागे हळूच म्हणाली की सही झाली तर परत येताना तमीस आणा, गरम. तमीस म्हणजे भट्टीतली ती मोठी गोल रोटी. आम्ही खुशीत गेलो.

शेखसाहेबांच्या टेबलावर ते पाकीट होतं. जाड, पिवळसर, वर रॉकेटचं तिकीट आणि लाल शिक्का. कडेने फोडलेलं.  मला आधी आनंद झाला, हे लपवत नाही. पहिला क्षण आनंदाचा होता, आलं, खरंच आलं! दुसऱ्या क्षणी मी शेखसाहेबांचा चेहरा पाहिला. त्यांनी नेहमीसारखं मला खजूर घ्यायला सांगितलं नाही. अब्बांनी पत्र उचलून माझ्या हातात दिलं आणि आमच्या बोलीत विचारलं, "काय लिवलाय?"

मी वाचलं. प्रिय मित्र इस्माईल, आमच्या देशाच्या कामगिरीबद्दल तुम्हाला वाटणाऱ्या आस्थेने आम्हाला आनंद झाला. हा पत्रव्यवहार असाच चालू राहावा. मराठीत सांगता सांगता मी अडखळू लागले. अब्बा माझ्याकडे बघत होते. पाकिटातून फोटो डोकावत होते आणि एक छोटा बिल्ला टेबलावर पडला होता, रॉकेट आणि लाल चांदणी. वर्गातल्या भांडणावरून मी घरी सगळ्यांचं इतकं डोकं खाल्लं होतं की अब्बांना सगळं ठाऊक होतं. फक्त पत्राचं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना मला दिसलं, आणि ते लगेच वळले.

"मीन कतब?" शेखसाहेबांनी विचारलं. कोणी लिहिलं? एवढं अरबी मलाही कळत होतं.

"अना," अब्बा म्हणाले. मी.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझी ओढणी त्यांच्या बाहीला लागत होती. मी काही बोलले नाही.

शेखसाहेब मग एकेक फोटो बघू लागले. तो पहिला उपग्रह, धातूचा गोळा, त्याला चार लांब दांड्या. हेल्मेटातला हसरा माणूस. त्या बाईचा फोटो आला, तर त्यांनी मुनशीजींना विचारून खात्री केली की ही बाईच आहे, आणि काही वेळ तो हातातच धरला. मग ती कुत्री, पट्ट्यांत बांधलेली, कान टवकारलेले. त्यांनी फोटो अब्बांसमोर सरकवला. मुनशीजींनी उर्दूत सांगितलं, "पूछ रहे हैं, ये वापस आया?"

अब्बांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. अब्बा म्हणाले, "ला."

"मिस्कीन," शेखसाहेब म्हणाले. बिचारं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, दाढीवरून हात फिरवत ते त्या फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि अब्बांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, ह्या खेपेला सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून, की हे पत्र नक्की कोणी लिहिलं. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलंय आणि मी नातवंडांकडे तसं बघते, खरं सांगायला वाव द्यायचा असतो तेव्हा. पण तेरा वर्षांच्या मला तो वाव दिसला नाही, फक्त खण दिसला, ज्यात पासपोर्ट होते.  अब्बांनी पुन्हा सांगितलं, "अना."

शेखसाहेबांनी मुनशीजींना काहीतरी सांगितलं, लांबलचक, आवाज न चढवता. पेटी त्यांची होती, पेटीवर नाव त्यांचं होतं. त्यांचा कामगार, अमेरिकन वसाहतीत घरोघर जाणारा कामगार, मॉस्कोशी पत्रव्यवहार करतो हे उद्या कोणी विचारलं तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. त्यांनी खण उघडला. पासपोर्टांच्या गठ्ठ्यातून अब्बांचा काढला आणि मुनशीजींच्या हातात दिला. "खुरूज," ते म्हणाले. कायमचं जाणं. तक्रार कुठे करणार नाहीत, अब्बांवर डाग लागणार नाही, पण दोन आठवड्यांत निघायचं. अब्बांनी उजवा हात छातीवर ठेवून मान लववली, जसं ते फ्रिज दुरुस्त झाल्यावर करायचे. मी आ वासून बघत होते. एवढ्या शांतपणे कोणी कोणाचं घर उठवू शकतं, हे मला खरंच वाटेना.

बाहेर ऊन होतं. मुनशीजी आम्हाला सोडायला दारापर्यंत आले आणि चिडून म्हणाले, "इस्माईल, तुम्हें अंग्रेज़ी का एक हर्फ़ नहीं आता। मुझे भी मालूम, शेख को भी मालूम। दो बार पूछा उन्होंने। कह देते कि बच्ची ने लिखा है, फाड़ के फेंक देते, हँस के छोड़ देते। बच्ची की बात पे कौन किसको निकालता है? मगर जब मर्द खुद कहे कि मैंने लिखा, तो फिर वो क्या करें?"

 मी वळले आणि दाराकडे धावले. अब्बांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट त्यांनी मला कधीच धरलं नव्हतं.

"अब्बा, सोडा. मी सांगते त्याला. मी लिवला, मी सांगते!"

"नाय."

"तो सोडील! मुनशीजी बोलले ना, तो सोडील!"

"आणि नाय सोडला तर?" अब्बा म्हणाले. "तुजा नाव त्यांच्या कागदावर जाईल. माज्या पोरीचा नाव. माजा काय, मी मिस्त्री हाय, कुटे पण स्क्रूड्रायव्हर चालतो." मग म्हणाले, "अम्माला बोलू नको. ती तुना जलमभर आयकवील."

आम्ही चालत घरी आलो. वाटेत भट्टीपाशी अब्बा थांबले आणि त्यांनी तमीस घेतली. अम्माने आमच्या हातात ती पाहिली आणि सही झाली असं समजून तिचा चेहरा फुलला. मला तो चेहरा आजही बघवत नाही. अब्बांनी रोटी ओट्यावर ठेवली, कोपऱ्यातल्या फ्रिजशी जाऊन बसले आणि म्हणाले, शेखचं काम कमी झालंय, माणसं कमी करतोय. अम्माने शेखसाहेबांना त्या दिवशी जे शाप दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी कान झाकून घेतले. त्यांतला एकही शाप शेखसाहेबांच्या वाट्याचा नव्हता.

पुढे अब्बांनी रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली. मी विज्ञान शिकले, शाळेत शिकवलं, मुलांना दोन्ही बाजूंचा तक्ता दरवर्षी करायला लावला. माझा भाचा आता सौदीत, रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्याने मला मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. सौदीचीच एक बाई, सौदीने पाठवलेली, अंतराळात तरंगत होती, अमेरिकेच्या रॉकेटातून गेलेली, आणि त्याच स्थानकात रशियन माणसंही राहत होती, एका छपराखाली. मी भाच्याला पुन्हा पुन्हा विचारलं, हे खरं ना? तो हसून म्हणाला, "खाला, आता इकडे सगळा खुला हाय." मी ती चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली. 

अम्मा गेली ती शेखसाहेबांना दोष देतच. अब्बा तिच्यानंतर चार वर्षांनी गेले. मयताला आलेल्या माणसांनी अंगणात बसून जे बोलायचं ते बोलले, आणि जमातीतले सगळ्यात वयस्क होते ते म्हणाले की इस्माईलभाय आयुष्यात कधी खोटं बोलला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी माझ्याकडे पाहिलं, मुलगी काही बोलते का म्हणून. त्या दिवशीही मी गप्प बसले. ते पत्र मी लिहिलं होतं, शेखसाहेब. माझ्या अब्बांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.